डिस्टिलरीचं लाल पाणी: गावाने कोणते आकडे मागावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका गावाला लागून साखर कारखाना आहे. त्याची जुनी डिस्टिलरी आता इथेनॉलसाठी वाढवून दिवसाला ६० हजार लिटरची करायची आहे. कारखान्याचं म्हणणं, प्रकल्प 'झिरो लिक्विड डिस्चार्ज'चा आहे, थेंबभर पाणी बाहेर जाणार नाही. गावातली जुनी माणसं म्हणतात, विहिरी पुन्हा लाल होणार. विचारणारे स्वतः ऊस उत्पादक आहेत, त्याच कारखान्याचे सभासद आहेत. इथेनॉलमुळे बिल वेळेवर मिळेल हेही त्यांना कळतंय आणि घरची विहीरही डोळ्यांसमोर आहे. त्यांना विचारायचंय ते एवढंच: खरं कुणाचं, आणि आम्ही करायचं काय?

माझं नोकरीचं सगळं आयुष्य डिस्टिलरीत आणि तिच्या सांडपाण्याच्या प्लांटवर गेलं, म्हणून सविस्तर लिहितो. विरोध की पाठिंबा हे नंतर ठरवा. आधी हिशेब मांडा. कारखान्यात जे येतं ते कुठल्या ना कुठल्या वाटेने बाहेर पडतंच. कागदावरच्या वाटांची बेरीज आलेल्या मालाइतकी भरत नसेल, तर उरलेलं तुमच्या ओढ्यात किंवा जमिनीत जाणार आहे.

एक टन ऊस गाळला की साधारण १०० ते ११५ किलो साखर, पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस (चिपाड), ३५-४० किलो प्रेसमड (रस गाळल्यावर उरलेला गाळ) आणि ४० किलोच्या आसपास मळी, म्हणजे मोलॅसिस, मिळते. या मळीत निम्मी साखरच असते, पण ती दाण्याच्या रूपात निघत नाही, कारण तिच्याभोवती क्षार गोळा झालेले असतात. तुम्ही घातलेलं पोटॅश, जमिनीतलं पोटॅश, सगळं उसातून रसात आणि रसातून मळीत जमा होतं. डिस्टिलरीत मळी पातळ करून यीस्ट घालतात, साखरेचा अल्कोहोल होतो आणि उंच स्तंभात उकळून तो वेगळा काढतात. स्तंभाच्या वरून अल्कोहोल निघून जातो. बाकी सगळं, म्हणजे क्षार, मेलेलं यीस्ट, न आंबलेले पदार्थ, रंग, हे खालून गरम पाण्याबरोबर पडतं. तोच स्पेंटवॉश. गडद तपकिरी, आंबट वासाचा, उकळत्याच्या जवळपास गरम आणि आम्लधर्मी. त्याचा रंग मेलॅनॉयडिन या पदार्थांमुळे असतो. जिवाणूंना ते सहजी पचत नाहीत, म्हणून रंग वर्षानुवर्षं टिकतो.

आता तुमच्या ६० हजार लिटरचा हिशेब. चांगल्या प्लांटमध्ये एका लिटर अल्कोहोलमागे सुमारे ८ लिटर स्पेंटवॉश निघतो. जुन्या पद्धतीत १२-१५ लिटर निघायचा, आणि स्पेंटवॉशचा काही भाग पुन्हा आंबवणीत फिरवला तर आकडा आठच्याही खाली येतो. आठ धरा. दिवसाला ४ लाख ८० हजार लिटर झाले, म्हणजे दहा हजारी टँकरच्या ४८ खेपा, रोज.

पाण्यातली घाण बीओडीने मोजतात. ती कुजवायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागेल, त्याचं हे माप आहे. कच्च्या स्पेंटवॉशचा बीओडी लिटरला ४० ते ६० ग्रॅम असतो. ५० धरला तर दिवसाला २४ हजार किलो. एका माणसाच्या सांडपाण्याचा बीओडी रोज सुमारे ५० ग्रॅम. म्हणजे ही एक डिस्टिलरी, प्रक्रिया न करता, पावणेपाच लाख वस्तीच्या शहराइतकी घाण तयार करते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहर साडेपाच लाखांचं होतं, त्यावरून अंदाज बांधा. नदीत मासे तडफडून मरतात ते विषाने नव्हे. पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो आणि मासे गुदमरतात. पंचगंगा आणि कृष्णेच्या काठाला राहणाऱ्यांना हे चित्र नवं नाही.

बीओडी जिरवता येतो. पोटॅश जिरत नाही, जळत नाही, उडून जात नाही. म्हणून मी कुठल्याही प्रकल्पाचा कागद हातात घेतला की आधी पोटॅश शोधतो. सी मळी म्हणजे निघेल तेवढी साखर काढून उरलेली शेवटची मळी. तिच्या स्पेंटवॉशमध्ये ते साधारण १ टक्का असतं. ४८० टनांत ४.८ टन, रोज. आडसाली उसाला शिफारस हेक्टरी १७० किलो पालाशाची, म्हणजे पोटॅशची, आहे. म्हणजे हे सगळं पोटॅश पिकाच्या गरजेइतकंच, योग्य मात्रेत द्यायचं म्हटलं तर रोज २८ हेक्टर, म्हणजे सत्तर एकर नवं रान लागेल. आज दिलेल्या शेतात उद्या पुन्हा देता येणार नाही. वर्षातून अडीचशे दिवस डिस्टिलरी चालली तर सात हजार हेक्टर. कारखान्याच्या आसपास पाच-पन्नास एकरांत हेच पाणी पुनःपुन्हा सोडलं जात असेल, तर काय होत असेल ते सांगायला नको.

(बी-हेवी मळी, म्हणजे सगळी साखर न काढता आधीच बाजूला घेतलेली मळी, किंवा थेट रस वापरला तर क्षार बरेच कमी येतात. मी सी मळीचा आकडा धरला, कारण गावाने वाईटात वाईट स्थितीचं गणित आधी करावं.)

आता कारखाना काय करणार म्हणतो ते तपासू. साधारण दोन वाटा असतात.

पहिली जुनी: डायजेस्टरमध्ये, म्हणजे हवाबंद टाकीत कुजवून, बायोगॅस काढायचा आणि उरलेलं पाणी प्रेसमडवर शिंपडून कंपोस्ट करायचं. बायोगॅसने बीओडी ८० ते ९० टक्के उतरतो, बॉयलरला इंधन मिळतं, हा फायदा खरा आहे. पण पाण्याचं आकारमान एका थेंबानेही कमी होत नाही आणि पोटॅश आहे तिथेच राहतं. आता प्रेसमड बघा. तुमचा कारखाना दिवसाला ५ हजार टन गाळतो आणि हंगाम १५० दिवसांचा, असं धरलं तर साडेसात लाख टन ऊस झाला. प्रेसमड मिळालं २६ हजार टन. एक टन प्रेसमड ४५ दिवसांच्या फेरीत अडीच टन स्पेंटवॉश पितं, म्हणजे एकूण ६५ हजार टन. आणि डिस्टिलरी अडीचशे दिवसांत काढणार १ लाख २० हजार टन. जवळजवळ निम्मं पाणी बसलंच नाही. शिवाय पावसाळ्यात कंपोस्ट यार्ड बंद ठेवावं लागतं. फक्त कंपोस्टवर हा प्रकल्प दाखवला असेल, तर तो कागदावरही जुळत नाही, आणि हे तुम्ही कुठल्याही बैठकीत फळ्यावर मांडून दाखवू शकता.

दुसरी वाट नवी: स्पेंटवॉश आटवून घट्ट करायचा आणि खास बॉयलरमध्ये जाळायचा. 'झिरो लिक्विड' म्हणतात ते बहुतेक यालाच. ही वाट मला मान्य आहे, चांगली चाललेली पाहिली आहे. पण ती गळते कुठे, हेही पाहिलं आहे. ४८० टन स्पेंटवॉशमध्ये घनपदार्थ १२ टक्के धरले तर ते ६० टक्क्यांपर्यंत घट्ट करताना ९६ टन काकवीसारखा माल उरतो आणि ३८० टनांच्या वर पाणी वाफ होऊन निघतं. ही वाफ थंड झाली की कंडेन्सेट होतं. दिसायला स्वच्छ, पण आम्लधर्मी, त्यात उडणारी आम्लं, उग्र वास. ते कंडेन्सेट पॉलिशिंग युनिटमधून नीट करून परत आंबवणीला आणि कूलिंग टॉवरला वापरायचं असतं. युनिट छोटं असेल किंवा आजारी असेल, तर रात्री ओढ्याला जातं ते हे पाणी. ते लाल नसतं, म्हणून गावाला संशय येत नाही. तुमच्याकडे ओढ्याच्या स्वच्छ पाण्याला सडका आंबूस वास येऊ लागला तर तिथेच नमुना घ्या.

दुसरी गळती बॉयलरची. पोटॅशचे क्षार कमी तापमानाला वितळतात, नळ्यांवर चिकटून घट्ट थर बसतो आणि दर काही आठवड्यांनी बॉयलर थांबवून खरवडावा लागतो. त्या दिवसांत डिस्टिलरीही थांबली पाहिजे, नाहीतर स्पेंटवॉश लगूनमध्ये, म्हणजे साठवणीच्या तळ्यात, साठतो. लगूनची क्षमता त्या मुदतीपुरतीच असते. चोरट्या टँकर फेऱ्या आणि लगूनच्या फाटक्या अस्तरातली गळती यांचा जन्म इथे होतो. म्हणून विचारा: बॉयलर बंद असताना उत्पादन बंद ठेवता का? दोन्हींच्या नोंदवह्या शेजारी ठेवून तारखा जुळवून बघा. मी आजवर जेवढ्या तक्रारी तपासल्या, त्यातल्या बहुतेकींचा उलगडा या दोन वह्यांतून झाला.

या वाटेने पोटॅश राखेत येतं, आणि ही राख कचरा नाही. मळीपासूनचं पोटॅश म्हणून किमान १४.५ टक्के पालाश असलेलं हे खत केंद्राच्या पोषणमूल्याधारित अनुदानात २०२१ पासून आलं आहे. साखर कारखान्यांकडून खत कंपन्यांनी टनाला ४,२६३ रुपयांनी ते घ्यावं, असा दरही पुढे ठरला. आपल्या देशात पोटॅश जवळजवळ सगळं बाहेरून येतं. रोज पाच टनांच्या आसपास पोटॅश ओढ्यात सोडणं हा गुन्हा आहेच, शेतकऱ्यासाठी तो तोटाही आहे. सभासद म्हणून वार्षिक सभेत विचारा: गेल्या वर्षी किती टन राख विकली? विक्रीच्या पावत्यांवरून स्पेंटवॉश खरोखर किती जाळला ते उलट गणिताने काढता येतं.

विहिरींबद्दल. आपला खडक काळा पाषाण, वर मुरूम, मध्ये भेगा. पाणी सारखं झिरपत नाही, भेगेने धावतं. म्हणून एकाची विहीर लाल आणि शेजारच्याची स्वच्छ, असं होतं आणि भांडणं लागतात. जमिनीत गेलेला स्पेंटवॉश तिथला ऑक्सिजन खातो, मग सल्फेटपासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तयार होतो, लोह आणि मँगनीज विरघळून वर येतात. एकदा भेगेत गेलेलं हे पाणी पुढच्या पावसाळ्यात धुऊन जाईल, या भरवशावर राहू नका. कित्येक वर्षं जातात.

लाल रंग दिसेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. आपल्या पाषाणातल्या स्वच्छ विहिरीत पोटॅशियम अगदी थोडं असतं, बहुधा लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत. ते चढू लागलं, आणि सोबत क्लोराइड, सल्फेट व एकूण क्षारही चढले, तर रंग येण्याच्या कितीतरी आधी तुम्हाला कळतं. पाणी तपासणीच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये पोटॅशियम नसतं, ते मागून घ्यावं लागतं. कारखाना म्हणेल, ते तुमच्या रासायनिक खताचं आहे. त्यासाठी वरच्या अंगाची, कारखान्यापासून लांबची, पण तितकंच खत घालणाऱ्या शेतातली एक विहीर तुलनेसाठी ठेवा.

तुमच्या पिकासाठीही हे महत्त्वाचं आहे. थोडा, पातळ केलेला स्पेंटवॉश नांगरटीआधी एकदा दिला तर जमीन सुधारते, हे मी नाकारणार नाही. अनेक शेतकरी तो मागून घेतात. पण जास्त झाला की जमिनीची क्षारता वाढते, काळी माती चोपण होऊन निचरा बंद होतो. कृष्णाकाठच्या क्षार फुटलेल्या जमिनी तुम्ही बघताच, तिथे अतिपाण्याने जे केलं त्यात ही भर. आणि उसात गेलेलं जादा पोटॅश रसात येऊन साखरेला दाणा धरू देत नाही. उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो, मळी वाढते. उतारा घटला की एफआरपी, म्हणजे उसाचा कायद्याने ठरलेला किमान दर, तुमचीच घटते.

कामगारांचा विषय गावच्या चर्चेत येत नाही, पण तिथली पोरं तुमच्याच गावची आहेत. डायजेस्टर, बंद खड्डे, स्पेंटवॉशच्या टाक्या यांत हायड्रोजन सल्फाइड साठतो. जास्त प्रमाणात असला की नाकाला वास येणंच बंद होतं आणि माणूस दोन श्वासांत कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. आंबवणीच्या टाक्यांत कार्बन डायऑक्साइड असतो, तोही जीवघेणा. वायू मोजल्याशिवाय, हवा खेळवल्याशिवाय आणि वर दोरीला माणूस उभा असल्याशिवाय कुणालाही खाली उतरवू नये. कंत्राटी मजुरांच्या बाबतीत हे पाळलं जातं का, हे गावाने विचारायलाच हवं. (हाच कार्बन डायऑक्साइड शुद्ध करून सिलिंडरमध्ये भरतात आणि तो शीतपेयांत बुडबुडे आणायला जातो. तुमच्या क्षमतेच्या प्लांटमधून रोज ४५ टनांच्या आसपास निघेल.)

इथेनॉलचं अर्थकारण बिलापुरतं सांगतो. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि रसापासून इथेनॉल करायला मुभा दिली. पेट्रोलमधलं मिश्रण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेलं. २०२४-२५ ला सी मळीच्या इथेनॉलला लिटरला ५७.९७ रुपये, बी-हेवीच्या ६०.७३ आणि रसाच्या ६५.६१ रुपये दर होता. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, इथेनॉलचे पैसे काही आठवड्यांत येतात. एफआरपी १४ दिवसांत द्यायची तर हा रोख पैसा लागतो, हे कारखान्याचं म्हणणं खरं आहे. पण धोरण एका रात्रीत फिरतं हेही धरून चाला. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर अचानक बंदी घातली, नंतर मर्यादा घालून सोडली आणि २०२४-२५ च्या हंगामासाठी उठवली. कर्ज काढून उभ्या केलेल्या प्लांटचे हप्ते मात्र तसेच राहिले. अशा अडचणीच्या वर्षी सगळ्यात आधी कात्री लागते ती सांडपाण्याच्या प्लांटच्या विजेला आणि दुरुस्तीला.

माझं स्पष्ट मत: ऊस झालाच आहे, साखर निघालीच आहे, तर मळीचं इथेनॉल जरूर करावं. त्यासाठी नवं पाणी फारसं लागत नाही. इथेनॉलसाठी म्हणून नवा ऊस लावणं मला पटत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाण्याचा हिशेब दिला आहे. तुमच्याकडे कृष्णा आहे. हाच प्रयोग मराठवाड्यात होतो तेव्हा ते पाणी कुणाच्या तरी ज्वारी-तुरीच्या आणि पिण्याच्या वाट्याचं असतं.

त्याच स्तंभातून थोडा फरक करून पिण्याच्या दारूचा अल्कोहोलही निघतो. आपल्याकडची देशी आणि स्वस्त 'विदेशी' दारू बरीचशी मळीची असते. तिने घरं कशी बसतात हे तुम्हाला मी सांगायला नको. दारू कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच जाहीर केलं आहे. एक गैरसमज मात्र दूर करतो. विषारी दारूकांडं, मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये शंभरावर माणसं गेली तसली, ही मळी आंबवल्याने होत नाहीत. त्यात बहुधा औद्योगिक मिथेनॉल मिसळलेलं असतं. वाढीव क्षमतेचा परवाना फक्त इंधनाचा आहे की पिण्याच्या अल्कोहोलचाही, हे विचारून घ्या. तो नंतर बदलू शकतो.

परवान्यांबद्दल तुम्हाला बहुधा माहीत नसलेली एक गोष्ट. डिस्टिलरीला २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागते. पण २०२१ मध्ये केंद्राने सवलत दिली आणि निव्वळ इथेनॉल मिश्रण कार्यक्रमासाठीचे बरेच प्रकल्प कमी छाननीच्या बी-२ गटात घातले. या गटाला जनसुनावणी लागत नाही. त्यामुळे मांडव पडेल, अधिकारी येतील, तेव्हा बोलू म्हणून थांबू नका. मंजुरीपत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मिळवा, न मिळाल्यास माहिती अधिकारात मागा. त्यात रोजचा स्पेंटवॉश किती, तो कुठे जाणार, लगून किती मोठं, ताजं पाणी किती घेणार, सगळे आकडे असतात. वर केलेलं गणित त्या आकड्यांवर पुन्हा करा. मंजुरीतल्या अटी पाळल्याचा सहामाही अहवाल कारखान्याला द्यावाच लागतो, तोही मागा.

आणि पहिलं काम या आठवड्यातच करा. वाढीव प्लांट सुरू व्हायच्या आधी, कारखान्याच्या खालच्या अंगाच्या चार-पाच विहिरी, वरच्या अंगाची ती तुलनेची एक, आणि ओढा, यांचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. सामू, एकूण क्षार, क्लोराइड, सल्फेट, पोटॅशियम आणि सीओडी (बीओडीसारखंच, पण रसायनाने मोजलेलं घाणीचं माप) तपासून घ्या. विहिरीचा गट नंबर, तारीख, पाण्याची पातळी लिहा, नमुना घेताना पंचायतीचा माणूस आणि जमलं तर कारखान्याचाही माणूस हजर ठेवा, दोघांच्या सह्या घ्या, अहवालाची प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवून ठेवा. पुढे दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यानंतर त्याच विहिरींचे नमुने. प्लांट सुरू होण्याआधीचा अहवाल हातात नसेल, तर 'पाणी आधीपासूनच खराब होतं' या उत्तरापुढे मंडळातही आणि हरित लवादातही गावाची बाजू लंगडी पडते.